गळक्या रेडिएटरचें औषध

इ. स. १९५० च्या मार्च महिन्यांत जर्मनींतील फोक्सवॅगन कारखान्यांतून एक डबेवजा मोटार बाहेर पडूं लागली. बेन पॉन नांवाच्या डच व्यापाऱ्यानें तीन वर्षांपूर्वीं आपल्या टिपणवहींत जी ओबडधोबड आकृति काढून ठेविली होती, तिचेंच हें मूर्त रूप. चालक अगदीं पुढें, इंजिन अगदीं मागें, आणि मधली सारी जागा माल किंवा माणसें यांच्यासाठीं मोकळी. या व्हॅनच्या इंजिनांत पाण्याचा एक थेंबही नव्हता. सिलिंडरांवर पंख्याचा वारा खेळे आणि तेवढ्यावर त्यांचें भागे. पाणी गळून जाईल हें भय नाहीं, गोठेल ही चिंता नाहीं, उकळेल ही धास्ती नाहीं. ज्या घरीं विहीरच नाहीं, तेथें पोहरा बुडण्याची काळजी कोणीं करावी?

बत्तीस वर्षें हा क्रम चालला. परंतु वाऱ्यानें थंड होणारें इंजिन आवाज फार करी, हिवाळ्यांत प्रवाशांस पुरेशी ऊब देत नसे, आणि धुराविषयींचे कायदे जसजसे कडक होत गेले तसतसें त्यास त्या कायद्यांत बसविणें अवघड होऊं लागलें. अखेर १९८२ च्या शरदृतूंत या व्हॅनच्या तिसऱ्या पिढीस पाण्यानें थंड होणारें नवें पेट्रोल-इंजिन मिळालें. जर्मन भाषेंत त्यास वासरबॉक्सर म्हणत. चार सिलिंडर, दोन डावीकडे व दोन उजवीकडे, आडवे निजलेले. इंजिन पूर्वींप्रमाणेंच मागें राहिलें. रेडिएटर मात्र गाडीच्या नाकाशीं बसविला. गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ धांवत आणि सुमारें सोळा लिटर द्रव पुढें नेऊन परत आणीत. पाणी आलें आणि पाण्याबरोबर गळतीही आली.

ही गळती कोठून होई, हें समजून घेतल्यावांचून पुढची कथा कळावयाची नाहीं. सिलिंडरच्या तोंडावर बसणारें जें जाड झांकण, ज्याला कारागीर हेड म्हणतात, तें या इंजिनांत अल्युमिनियमचें होतें. इतर बहुतेक इंजिनांत हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामध्यें एकच पत्र्यासारखें गॅस्केट दाबून बसवितात. तेंच जाळही अडवितें आणि पाणीही अडवितें. वासरबॉक्सरमध्यें या दोन कामांची वांटणी केलेली होती. जाळ अडविण्यासाठीं प्रत्येक सिलिंडरच्या कांठावर धातूचें कडें, आणि पाणी अडविण्यासाठीं बाहेरच्या कडेनें फिरणारी रबराची जाड पट्टी. रबराच्या आणि धातूच्या सीमेवर, जेथें प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो, तेथें अल्युमिनियमला खड्डे पडूं लागत. खड्डा वाढत वाढत रबराच्या पलीकडे गेला, कीं इंजिनाच्या कुशींतून थेंब टपकूं लागे. फॉस्फेट नसलेलेंच कूलंट घालावें, अशी कारखान्याची सूचना होती. जड पाण्यांतील क्षारांशीं फॉस्फेटाचा संयोग होऊन गाळ बसतो, हें त्याचें एक कारण. परंतु गाडी एकदां दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं गेली म्हणजे अशा सूचना कोण वाचतो? मिळेल तें कूलंट आणि नळाचें पाणी तिच्या पोटांत जाई.

ही व्हॅन म्हणजे पुष्कळांचें फिरतें घर होती. मागें बिछाना, बाजूस शेगडी, वर उघडणारें छप्पर. अशा गाडीचें हेड उतरवावयाचें म्हणजे इंजिन उघडावयाचें, जुने गंजलेले स्टड तुटण्याचा धोका पत्करावयाचा आणि खड्डे पडलेला धातु भरून काढावयाचा किंवा नवें हेड आणावयाचें. हा खर्च आणि मोटारींचें सामान विकणाऱ्या दुकानांत फळीवर मांडलेली एक लहानशी बाटली, यांत जमीनअस्मानाचें अंतर. बाटलीवर लिहिलेलें असे कीं, हें रेडिएटरमध्यें ओता, इंजिन चालू ठेवा, गळती बंद होईल. मोह न होईल तर नवल!

या बाटलीचा वंश व्हॅनपेक्षां फार जुना आहे. मोटार जन्मास येण्यापूर्वीं वाफेचे बॉयलर होते, आणि गळक्या बॉयलरमध्यें कोंडा, ओटचें पीठ, बटाटे, फार काय घोड्याची लीदसुद्धां टाकण्याची रीत होती. या वस्तूंतील तंतु व कण पाण्याबरोबर फिरत फिरत सांध्यांतील फटींशीं पोंचत आणि तेथें अडकून बसत. विद्वानांच्या पुस्तकांत या युक्तीला फारसें स्थान मिळालें नाहीं. पण भट्टीवर राबणाऱ्या माणसांनीं ती एकमेकांस तोंडीं शिकविली.

इ. स. १९०१ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनीं मर्सेडीस गाडीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत सहा-सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांच्या पोकळींतून वारा वाही आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी. थोड्या पाण्यांत मोठें इंजिन थंड राहूं लागलें, म्हणून आधुनिक मोटारीचा जन्म या रेडिएटरपासून मानणारे पुष्कळ आहेत. पण आठ हजार नळ्या म्हणजे त्याहूनही अधिक झाळलेले सांधे, आणि त्या काळचे रस्ते म्हणजे खडक आणि धूळ. धक्क्यांनीं सांधे उकलत. अशा वेळीं जुन्या बॉयलरवाल्यांची विद्या मोटारवाल्यांच्या कामीं आली. ओटचें पीठ, अळशीची पूड, मोहरी, मिरपूड, कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक, जें हातीं लागेल तें रेडिएटरच्या तोंडांतून आंत जाऊं लागलें. अंड्याचा बलक ऊन पाण्यांत गोठतो आणि अळशी भिजून फुगते. यामागें केवळ भाबडेपणा नव्हता, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील ट्रक-टेम्पोवाल्यांनीं या यादींत आपली भर घातली ती हळदीची. घाटाच्या चढावर रेडिएटर टपकूं लागला, जवळपास गॅरेज नाहीं, तर वाटेवरच्या दुकानांतून हळदीची पूड आणून ती पाण्यांत सोडावयाची आणि कसेंबसें पुढचें गांव गांठावयाचें. हळद पाण्यांत विरघळत नाहीं, तिचे बारीक कण तरंगत राहतात, आणि गळतीच्या भोंकाशीं ते एकावर एक रचले जातात. या युक्तीची पुढें थट्टा करणाऱ्यांस एक गोष्ट ठाऊक नसते. अमेरिकेंत कारखान्यांनीं बनविलेल्या स्टॉप-लीकच्या गोळ्यांत जे घटक असतात, त्यांत आल्याच्या मुळाची पूडही सांपडते. आणि आलें व हळद या तर एकाच कुळांतल्या वनस्पति.

घरगुती पिठापासून बाटलीपर्यंतचा प्रवास दोन कारणांनीं झाला. पहिलें कारण ग्लायकोल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें प्रथम तयार केलें होतें. परंतु मोटारींत न गोठणारें द्रव म्हणून तें अमेरिकेंत सर्रास विकलें जाऊं लागलें तें १९२७ पासून. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल यांचें मिश्रण शून्याखालीं ३५ अंश सेंटिग्रेडपर्यंतही गोठत नाहीं. पण ग्लायकोल ज्या बारीक फटींतून झिरपतें, त्यांतून साधें पाणी झिरपत नाहीं. जो रेडिएटर उन्हाळ्यांत निर्दोष वाटे, तोच हिवाळ्यांत टपकूं लागे. दुसरें कारण दाब. रेडिएटरचें झांकण घट्ट करून आंत दाब वाढविला, तर पाणी शंभर अंशांवर उकळत नाहीं; एका वातावरणाइतका अधिक दाब असेल तर तें १२० अंशांच्या आसपास उकळतें. इंजिनाला हें फार हितकर. फटीला मात्र तो दाब म्हणजे आमंत्रणच. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या अतोनात वाढली, तेव्हां या दोन कारणांनीं गळणाऱ्या गाड्यांचीही संख्या वाढली, आणि जें काम पूर्वीं स्वयंपाकघर करी तें बाटलीबंद होऊन दुकानांत आलें.

या बाटलीच्या इतिहासांतील सर्वांत नवलाचा प्रसंग मोटारींत घडलाच नाहीं. तो घडला अणुशक्तीवर चालणाऱ्या जगांतील पहिल्या पाणबुडीवर. अमेरिकेच्या आरमाराची नॉटिलस ही पाणबुडी १९५८ सालीं उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून जाण्याच्या गुप्त मोहिमेवर निघाली होती. वाटेंत असें आढळलें कीं, तिच्या कंडेन्सरमध्यें, म्हणजे वाफ थंड होऊन जेथें तिचें पुन्हां पाणी होतें त्या भागांत, कोठें तरी समुद्राचें खारें पाणी शिरत आहे. बॉयलरच्या शुद्ध पाण्यांत मीठ मिसळणें म्हणजे यंत्राच्या रक्तांत विष मिसळणें. गोदींतील कारागिरांनीं पुष्कळ शोध केला, पण छिद्र सांपडेना. मोहीम गुप्त असल्यामुळें बोभाटा करून चालण्यासारखें नव्हतें, आणि बर्फ कोणासाठीं थांबत नाहीं. तेव्हां कप्तान विल्यम अँडर्सन यांनीं आपले कांहीं खलाशी साध्या कपड्यांत सिअ‍ॅटल शहरांत पाठविले. त्यांनीं मोटारींच्या पेट्रोल-पंपांवर हिंडून, दोन डॉलरांच्याही आंत मिळणारे स्टॉप-लीकचे डबे विकत घेतले. असे १४० क्वार्ट औषध पाणबुडीवर आलें. त्यांतील सुमारें निम्मे कंडेन्सरमध्यें सोडलें आणि गळती थांबली. कोट्यवधि डॉलरांचें यंत्र आणि त्यावर मोटारवाल्यांचा तोडगा! जूनमधील पहिला प्रयत्न बर्फामुळें फसला. पण ३ ऑगस्ट १९५८ रोजीं नॉटिलस ११६ माणसांसह ध्रुवाखालून गेली. एका थेंबाच्या पायीं ती मोहीम बंदरांतच राहण्याचा संभव होता, ही गोष्ट त्या वेळीं फार थोड्यांस ठाऊक होती.

या यशावरून असें समजूं नये कीं जें पाणबुडीस लाभलें तें व्हॅनसही लाभेल. औषध तेंच असलें तरी रोग वेगळा. स्टॉप-लीक आपलें काम कसें करतें, हें पाहिल्यास हा भेद उघड होतो. बाटलींत तंतु असतात, कण असतात, कांहींत तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा वर्ख असतो. पाण्याबरोबर हें सारें फिरत राहतें. जेथें भोंक आहे तेथें पाणी बाहेर धांवतें आणि कणांना ओढून नेतें. आधीं लांब तंतु भोंकाच्या तोंडावर आडवे पडतात. त्यांच्या जाळ्यांत मोठे कण अडतात. मोठ्या कणांच्या मधल्या जागेंत बारीक कण बसतात. आंतला दाब या बुचाला अधिकच घट्ट करतो आणि बाहेरची हवा त्याला वाळविते. छिद्र लहान, गोल आणि स्थिर असेल तर हें बूच वर्षानुवर्षें टिकल्याचीं उदाहरणें आहेत. कंडेन्सरच्या नळींतील सुईच्या अग्राएवढें भोंक त्याच जातीचें. रेडिएटरच्या नळीला दगडाचा खडा लागून पडलेली बारीक चीरही त्याच जातीची.

परंतु या कणांना डोळे नसतात. हें भोंक बुजवावयाचें आणि ही नळी सोडावयाची, हा विवेक त्यांच्यापाशीं नाहीं. त्यांना फक्त अरुंद जागा कळते. जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्यें वर्षांच्या क्षारांनीं निम्मी बुजलेली नळी आणि गळतें छिद्र या दोन्ही त्यांच्या लेखीं सारख्याच. त्यांतून या जर्मन व्हॅनची रचना अशी कीं, प्रवाशांस ऊब देणारे लहान लहान रेडिएटर तिच्यांत वेगळे. एक पुढें, आणि पुष्कळ गाड्यांत आणखी एक मागच्या आसनाखालीं. त्यांच्या नळ्या मुख्य रेडिएटरच्या नळ्यांहून बारीक आणि त्यांतील प्रवाहही मंद. औषध ओतलें कीं गळतीच्या आधीं तेथेंच गाळ बसण्याचा संभव अधिक. हिवाळ्याच्या तोंडावर ज्यानें बाटली ओतली, त्याला पुढें इंजिन कोरडें आणि आपण गारठलेले, असा अनुभव येणें शक्य होतें.

आणि मूळ गळतीचें काय? वासरबॉक्सरची गळती म्हणजे भोंक नव्हे. ती रबराच्या पट्टीच्या कडेनें गेलेली लांब, वांकडी, खड्ड्याखड्ड्यांची रेघ. इंजिन तापलें कीं अल्युमिनियम प्रसरण पावे, निवालें कीं आकसे. प्रत्येक फेरींत रबर आणि धातु एकमेकांवर किंचित् सरकत. जें बूच काल बसलें तें आज हललें. त्याखेरीज बुचाच्या मागें धातूचें झिजणें चालूच राही, कारण झिजण्याचें कारण जें बिघडलेलें कूलंट, तें तर तसेंच होतें. थेंब दिसेनासा झाला म्हणजे मालक निर्धास्त होई. गळतीचा थेंब निदान जमिनीवर पडून इशारा देत होता. औषधानें पहिल्यानें बंद केला तो हा इशारा.

बाटल्यांची दुसरी एक जात आहे, आणि ती अधिक प्रबळ म्हणून अधिक जपून वापरण्याजोगी. तींत कण नसतात, जलकांच असते. रसायनशास्त्रांत तिला सोडियम सिलिकेट म्हणतात. जर्मनींतील फॉन फुक्स यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिचा अभ्यास केला. अंडीं टिकविण्यासाठीं गृहिणी ती वापरीत असत. फटलेल्या हेडच्या चिरेंत हें द्रव शिरलें आणि तेथें उष्णता लागून त्यांतील पाणी उडून गेलें, कीं मागें कांचेसारखा कठीण थर उरतो. हेडला गेलेल्या बारीक चिरेवर, जेथें एरवीं इंजिन भंगारांत जाणार, तेथें हा उपाय कधीं कधीं महिनोन्महिने साथ देतो. मात्र तिचें सामर्थ्य किती, याचा पुरावा अगदीं उलट्या बाजूनें मिळाला. २००९ च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सरकारनें जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या मोडींत काढण्यासाठीं मालकांस अनुदान दिलें. त्या गाड्या पुन्हां रस्त्यावर येऊं नयेत म्हणून इंजिनांतील तेल काढून त्याजागीं जलकांच ओतावी आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवावें, असा नियम होता. कांहीं मिनिटांत इंजिनाचे सांधे जखडून जात. सुमारें पावणेसात लाख गाड्यांची अशी इतिश्री झाली. जें पाण्याच्या वाटेनें गेल्यास औषध, तेंच तेलाच्या वाटेनें गेल्यास हलाहल. आणि ज्या इंजिनाचें गॅस्केट फुटलें आहे, त्यांत या दोन वाटा कोठें एकत्र येत असतील, हें बाहेरून पाहून सांगणें कठीण.

इतकें असूनही या औषधाला केवळ आळशी मालकाची पळवाट म्हणून हिणविणें न्यायाचें होणार नाहीं. मोठमोठ्या कारखान्यांनींच त्याचा आश्रय घेतला आहे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९८२ सालीं कॅडिलॅक गाडीसाठीं अल्युमिनियमच्या ठोकळ्याचें व लोखंडी हेडचें एक इंजिन काढलें. दोन धातु निरनिराळ्या प्रमाणांत फुगणारे, म्हणून सांध्यांतून झिरपा होण्याचें भय. तेव्हां नव्या गाडीच्याच कूलंटमध्यें गळती रोखणाऱ्या गोळ्या घालाव्या आणि कूलंट बदलतांना त्या पुन्हां घालाव्या, असा कंपनीचा दंडक होता. येथें औषध रोग झाल्यावर दिलेलें नव्हे, जन्मतांच पाजलेली ती बाळघुटी होती. रेडिएटर स्वच्छ, मात्रा मोजलेली, झिरपा केसाएवढा. अशा ठिकाणीं कणांचें आंधळेपण फारसें बाधत नाहीं. जुन्या व्हॅनमध्यें या तिहींपैकीं एकही गोष्ट खरी नसते, आणि मालक बहुधा एका बाटलीनें भागलें नाहीं म्हणून दुसरी ओततो.

वासरबॉक्सर व्हॅनचे जे मालक शेवटीं शहाणे झाले, त्यांतील कांहींनीं हेड उतरविलें, खड्डे भरून काढले, रबराच्या पट्ट्या नव्या बसविल्या आणि योग्य कूलंट दर दोन वर्षांनीं बदलण्याचा नेम धरला. अशा गाड्यांचीं इंजिनें पुढें पुष्कळ चाललीं. युरोपांत या पिढीच्या व्हॅनचें उत्पादन १९९२ सालीं थांबलें. दक्षिण आफ्रिकेंत ती २००२ पर्यंत निघत राहिली. पण तेथें अखेरच्या काळांत सरळ रांगेचें पांच सिलिंडरांचें निराळें इंजिन तिच्यांत बसविलें जात असे. उत्तर अमेरिकेंतील पुष्कळ मालकांनीं तर या कटकटींतून एकदांचें मोकळें व्हावें म्हणून वासरबॉक्सर काढूनच टाकलें आणि त्या जागीं जपानी सुबारू गाडीचें इंजिन बसविलें. तेंही आडव्या सिलिंडरांचें, म्हणून त्या जागेंत नीट मावे. जाणते लोक २.२ लिटरचें जुनें, दणकट इंजिन शोधून काढीत. ज्यांनीं अधिक शक्तीच्या लोभानें २.५ लिटरचें इंजिन घेतलें, त्यांच्यापुढें मात्र एक ओळखीचें दृश्य उभें राहिलें. १९९९ ते २००२ या वर्षांतल्या त्या इंजिनांपैकीं अनेकांच्या हेडच्या कडेनें कूलंट झिरपूं लागलें, आणि २००४ सालीं सुबारूच्या अमेरिकेंतील कंपनीनें गाड्यांच्या मालकांस पत्रें धाडलीं: आपली गाडी दुकानीं आणावी, कूलंटमध्यें एक विशेष औषध घालून देण्यांत येईल, तें घातल्यास हेड-गॅस्केटच्या बाह्य गळतीविषयींची हमी आठ वर्षें किंवा एक लाख मैल यांपर्यंत वाढविण्यांत येईल. तें औषध लहानशा बाटलींतूनच येत असे.